शेवटचा हप्ता आणि शेवटचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

घराचं कर्ज फिटल्याची बातमी नातेवाइकांच्या आधी फोनवाल्यांना लागते. शेवटचा हप्ता गेला की थोड्याच दिवसांत गोड आवाजात फोन येतो, "मॅडम, तुमचा रेकॉर्ड फार चांगला आहे, तुमच्या नावावर पाच लाख मंजूर होऊन पडलेत." न मागता मंजूर! ज्या काळात पाच लाखांची खरोखर निकड होती, तेव्हा जामीनदार आणा, पगाराच्या स्लिपा आणा, परवा या, साहेब रजेवर आहेत, असं ऐकलं होतं.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काम करते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पीएफ, सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. दोनेक वर्षांत मीही अठ्ठावन्नची, म्हणजे निवृत्तीच्या वयाची, होईन. आमच्या ह्यांचा लहानसा छापखाना होता, म्हणजे त्यांना ना पीएफ ना पेन्शन. घराचं कर्ज, मुलीच्या लग्नाला पतसंस्थेतून उचललेलं, मुलाच्या इंजिनिअरिंगचं, अशी तिन्ही कर्जं फिटली. आता येणारा पगार आमचाच. आज मला बोलायचंय ते शेवटचा हप्ता आणि शेवटचा पगार यांच्या मधल्या काळाबद्दल. कुणाला हा काळ पाच-सात वर्षांचा मिळतो, कुणाला वर्षभराचा. काहींना मिळतच नाही. शाल-श्रीफळ हातात पडतं तेव्हाही हप्ता चालूच असतो.

आधी कर्ज लवकर का फेडायचं ते सांगते, कारण ज्यांचं अजून चालू आहे तेही ऐकत असतील. समजा २० लाखांचं कर्ज आहे, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं ३,१८९ रुपयांनी. वीस वर्षं मुकाट्याने भरत राहिलात तर एकूण ४१ लाख ६५ हजारांच्या घरात जातात. म्हणून दिवाळीचा बोनस, रजेचे पैसे, जे काही हाती येईल ते आम्ही मुद्दलात टाकायचो. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. बँकेतला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

आणि कर्ज फिटलं म्हणजे नुसता शेवटचा मेसेज बघून गप्प बसू नका. नोड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, घ्या, घराची मूळ कागदपत्रं मोजून ताब्यात घ्या. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला: पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. हा नियम तोंडपाठ असला की काउंटरवरचा सूर बदलतो. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या बोज्याची नोंद असेल तर ती काढून घ्यायची. शेतजमीन तारण असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्यायचा. वीस वर्षांनी मुलांना तो उतारा काढावा लागेल, तेव्हा ती बँक त्याच नावाने असेल का, कुणी सांगावं.

फोनवाल्यांनंतर येतात ते जामीन मागणारे. "आत्या, नुसती सही हवी." नुसती सही असं काही नसतं हो. १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतला की त्यात कर्जदाराच्या बरोबरीने जामीनदाराचंही नाव येतं. आणि वसुलीवाला आधी त्याच्याच दारात उभा राहतो, ज्याच्याकडून पैसे निघण्याची शक्यता जास्त. मी सरळ सांगते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, सही होणार नाही. हवं तर लग्नाला चार दिवस आधी येऊन पडेल ते काम करीन. एकदोन जण रुसलेत. रुसू देत.

बरं, मग तो वाचलेला हप्ता जातो कुठे? माझ्या टेबलावरचा अनुभव असा की बहुतेकांचा तो कुठेच जात नाही, विरघळतो. मोठा टीव्ही येतो, मोबाइल बदलतो, नवी गाडी येते, आणि गाडीबरोबर नवा हप्ता. म्हणून कर्ज संपलेला माणूस भेटला की मी त्याला त्याच महिन्यात व्हीपीएफचा अर्ज भरायला लावते. म्हणजे ठरलेल्या १२ टक्क्यांच्या वर आपणहून जास्त पीएफ कापून घ्यायचा. व्याज पीएफचंच मिळतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचं ८.२५ टक्के होतं. पैसा हातात येतच नाही, त्यामुळे त्याला पाय फुटत नाहीत. फक्त आपला वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर बसतो, पण आपल्यातल्या किती जणांना ती चिंता आहे!

आता पेन्शन. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यासमोर शाळामास्तर किंवा तहसील कचेरीतला क्लार्क येतो. खाजगी कारखान्यातल्या माणसाची पेन्शन वेगळी, ईपीएस ९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. सूत्र सोपं आहे: पेन्शनसाठी धरला जाणारा पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण तो पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, मग तुम्हाला पन्नास हजार का मिळेनात. वीस वर्षं पुरी केली की दोन वर्षं बक्षीस. समजा ३३ अधिक २, म्हणजे ३५ वर्षं धरली, तर कागदावर ७,५०० रुपये येतात. आणि सप्टेंबर २०१४ च्या आधी ही मर्यादा ६,५०० होती, त्या वर्षांचा हिशेब तसाच होतो, त्यामुळे आत्ता निवृत्त होणाऱ्यांच्या हातात त्याहूनही कमी पडतं. खऱ्या पगारावर जादा पेन्शनचा पर्याय ज्यांनी भरून दिला आणि मंजूर झाला, त्यांची गोष्ट निराळी. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जो आकडा आला तोच पुढे चालतो.

पेन्शनचा दहा डी चा फॉर्म भरताना हा आकडा मी सांगते, तेव्हा समोरचा माणूस म्हणतो, "बाई, आठवड्याचे का?" तीस-तीस वर्षं लेथवर उभी राहिलेली माणसं असतात ही. एवढ्या वर्षांत हा आकडा त्यांना कुणी सांगितलेला नसतो आणि त्यांनीही विचारलेला नसतो.

हे बघून बघून माझ्या मनाने घेतलं की पगार चालू असतानाच निवृत्तीची रंगीत तालीम करायची. आमचं गणित असं मांडलं: माझी पेन्शन पाचेक हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतले, म्हणजे नोकरी संपताना कंपनी देते त्या रकमेतले, १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. दोन्ही मिळून सव्वापंधरा हजार. उरलेल्या पीएफला हात लावायचा नाही, कारण पेन्शन वाढणार नसली तरी तेल आणि डाळ वाढणारच. मग काय, पगार झाला की सव्वापंधरा हजार घरखर्चाच्या खात्यात, आणि बाकीचे दुसऱ्या बँकेत, जिथलं एटीएम कार्डसुद्धा मी घेतलेलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, अरे, जमतंय की. दूध, भाजी, गॅस, लाइट बिल, मोबाइलचे रिचार्ज, सगळं बसत होतं. दुधाचा खाडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतेच, सिलिंडर लावला की त्याचीही तारीख तिथेच. मग घरपट्टी आली. पाठोपाठ पाणीपट्टी, स्कूटरचा विमा, सोसायटीने काढलेली रंगाची वर्गणी. महिन्याचा हिशेब आपल्याला अशी भूल घालतो. घर मोडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. मी वही घेऊन वर्षाचे खर्च एका पानावर लिहिले, बेरजेला बाराने भागलं आणि तेवढी रक्कम दर महिन्याला आधीच बाजूला टाकायला लागले. त्या पानाने हातात उरणारी रक्कम बरीच खाली आणली. मग खऱ्या अर्थाने काटकसर सुरू झाली.

वर्षाचं धान्य भरणं आमच्याकडे मध्यंतरी बंद पडलं होतं, दहा-दहा किलोच्या पिशव्या यायच्या. ते पुन्हा सुरू केलं. एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा घ्यायचा, गच्चीवर कडकडीत ऊन द्यायचं, निवडायचा, तळहाताला एरंडेल घेऊन मूठमूठ चोळायचा आणि कोठीत भरायचा. हात दोन दिवस चिकट राहतात आणि कंबर बोलते. पण आमचे हे निवडायला बसतात, गप्पा होतात, आणि पीठ असं मऊ लागतं की विचारू नका.

सगळ्यात अवघड पडली ती लग्नसराई. मुलीच्या लग्नातल्या आहेराची वही आहे माझ्याकडे. कुणी ५०१ घातले होते, कुणी पातळ, कुणी स्टीलचा डबा. आता त्यांच्या घरी कार्य निघालं की पाकिटात किती घालायचे? तेवढेच घातले तर लोक काय म्हणतील, जास्त घातले तर महिन्याचा तेलाचा डबा गेला. आम्ही ठरवून टाकलं, वहीत असेल तेवढाच आहेर. त्या पाकिटाशिवाय आपण स्वतः आधी जाऊन हात लावायचा. अक्षता निवडा, फराळाचे डबे भरा, पाहुण्यांच्या खोल्या बघा. आणि खरं सांगू, माझ्या पाकिटात किती होते हे आजवर कुणी बोलून दाखवलं नाही.

एक खर्च मात्र मी कापला नाही. संध्याकाळचा ह्यांचा टपरीवरचा कटिंग. छापखाना बंद झाल्यावर माणसं भेटायची तेवढी एकच जागा उरली होती.

जिथे हात आखडायचाच नाही ती गोष्ट म्हणजे दवाखाना. कंपनीचा मेडिक्लेम ज्या दिवशी नोकरी संपते त्या दिवशी संपतो. लोक साठाव्या वर्षी, साखर आणि रक्तदाब घेऊन, नवी पॉलिसी शोधायला निघतात. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात, एप्रिल २०२४ पासूनचा हा नियम. म्हणजे पॉलिसी आत्ताच घेतली तर ती तीन वर्षं बरीचशी नोकरीतच निघून जातील. हप्ता जड वाटतो, मान्य. पण सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे. आणि जे निवृत्त होईपर्यंत ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आहेत, निदान पाच वर्षं त्यात भरली आहेत, त्यांनी एक गोष्ट विसरू नये: निवृत्तीनंतर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. आमच्याकडून निवृत्त झालेल्या किती जणांना मी मागे लागून हा अर्ज भरायला लावला आहे.

राहिली ग्रॅच्युइटी. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, आणि मग नोकरीच्या वर्षांनी. २६,००० असतील तर वर्षाला १५,००० पडतात. तीस वर्षांचे साडेचार लाख. पीएफ आणि ही रक्कम मिळून आयुष्यात कधी पाहिली नाही एवढी रक्कम पासबुकात दिसते. त्या आठवड्यात घरात फ्लॅटचे, दुकानाचे, गावाकडच्या प्लॉटचे विषय निघतात. मुलगा-सून मागतात असंही नाही, आपल्यालाच द्यावंसं वाटतं. द्यायचं तर जरूर द्या, पण निदान सहा महिने जाऊ द्या. अठ्ठावन्नला निवृत्त झालात म्हणून ज्येष्ठ नागरिक योजनेसाठी साठीची वाट बघायची गरज नाही. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत कंपनीचा दाखला जोडला तर पंचावन्ननंतरही खातं उघडता येतं. मुदत पाच वर्षांची, आणि ज्या दराने ठेवलं तोच दर पाचही वर्षं.

जाता जाता टाइम ऑफिसातल्या बाईचं एक काम तुमच्याकडे. आज-उद्या मोबाइलवर आपलं पीएफचं खातं उघडा. आधार कार्डावरचं नाव आणि तिथलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, जन्मतारीख जुळतेय का बघा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, हा घोळ आम्हा बायकांचा फार असतो. जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वळवला होता का, तेही तपासा. नॉमिनीत अजून वारलेल्या आईचं नाव असेल तर बदला. चूक निघाली तर दुरुस्तीचा अर्ज बऱ्याचदा कंपनीमार्फतच जातो, आणि कंपनी चालू असते तोवर सही करायला कुणीतरी टेबलामागे बसलेलं असतं.

नमस्कार.