हट्टाच्या आधीचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळची वेळ. बाहेर निघायची घाई. चार वर्षांचं मूल दाराशी फतकल मारून बसलंय. एक सँडल पायात, दुसरी कोपऱ्यात भिरकावलेली. कारण काय, तर पट्टा आईनं लावला आणि त्याला तो स्वतः लावायचा होता. रडून रडून चेहरा लालबुंद. आईच्या तोंडून निघून जातं, "किती हट्टी झालंय हे कार्टं!"

मला वाटतं, हट्टाकडे बघण्याआधी त्याच्या आधीचा तासभर बघावा. दुपारची झोप झाली होती का? पोटात काही गेलं होतं का? दिवसभर चार भिंतींतच होतं का? पट्टा हे निमित्त असतं, पेला आधीच भरलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप हवी, दिवसभरात मिळून 3 तास हालचाल हवी, आणि स्क्रीन 1 तासापेक्षा जास्त नको. आपल्या मुलाचा कालचा दिवस या मापानं मोजून बघा. पुष्कळदा चिडचिडीचं मूळ तिथेच सापडतं.

एक वही करा. आठवडाभर प्रत्येक आकांडतांडवानंतर तीन ओळी लिहा: किती वाजले होते, आधी काय चाललं होतं, आणि नंतर आपण काय केलं. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळतो. कारण तिथे खरं लिहावं लागतं, "शेवटी मोबाईल दिला." नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा दिलं, की मूल एवढंच शिकतं की दहा वेळा ओरडायचं असतं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुम्ही ठाम राहायला लागलात, की सुरुवातीला ओरडणं वाढतं. नेमके त्याच दिवसांत आपण हात टेकतो. ते दिवस निभावून न्या. आईनं नाही म्हटलेलं आजोबांनी गुपचूप देऊ नये, हेही घरात बोलून ठरवा.

रडं टिपेला पोचलेलं असताना उपदेश करू नका. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चार वर्षांच्या जिवाकडून काय अपेक्षा करणार? खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, आवाज उतरवा. "तुला पट्टा स्वतः लावायचा होता. राग आला." बस, इतकंच. मारायला धावलं तर हात हलकेच धरा आणि म्हणा, "मारू देणार नाही." समजावायचं ते शांत झाल्यावर. आणि उद्या दहा मिनिटं आधी निघायची तयारी करा, म्हणजे पट्टा त्याला लावू देता येईल.

नैसर्गिक उपाय म्हटलं की कुणी चूर्ण सुचवतं, कुणी थेंब. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला काहीही देऊ नका. येऊ लागलेलं बोलणं मागे पडलं, हाक मारली तरी लक्ष जात नाही, मूल स्वतःला इजा करून घेतंय, असं काही दिसलं तर घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका, तपासून घ्या.

आणि रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर खेळा. खेळ त्यानं निवडायचा, फोन दुसऱ्या खोलीत. चांगलं वागलं तर नुसतं "शहाणं बाळ" म्हणू नका. "रंगपेटी तू आपणहून ताईला दिलीस," असं नेमकं सांगा. कशाचं कौतुक झालं ते त्याला कळायला हवं.

एखाद्या दिवशी आपलाही तोल जाईल. हात उगारला जाईल, नको ते बोललं जाईल. मग रात्री पांघरूण घालताना जवळ बसून सांगा, "आज मी खूप ओरडले. तू घाबरलास ना? माझं चुकलं."

नमस्कार.