चाळीस वर्षांनी तेच गाणं

नमस्कार मंडळी.

आजचा विषय आहे जुन्याजाणत्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडला (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचना वाजवणाऱ्या मेटल बँडला) प्रत्यक्ष ऐकणं. यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो. रेकॉर्डवर सगळं चोख वाजवलेलं घरबसल्या ऐकायला मिळतं, मग तीन तास तेच पुन्हा ऐकायला जायचं कशासाठी? प्रश्न रास्त आहे. जॅझचा कलाकार रोज काहीतरी नवं सुचून वाजवतो, म्हणून तिथं जाण्यात मतलब आहे. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये बहुतेक सगळं आधीच बांधलेलं असतं. गाणं वीस मिनिटांचं असलं तरी त्यातली मात्रा न् मात्रा ठरलेली. तिथं उत्स्फूर्ततेच्या गप्पा मारण्यात फारसा अर्थ नाही.

माझं म्हणणं असं, की बंदिश इतकी पक्की बांधलेली असते म्हणूनच तिला प्रत्यक्ष ऐकायला जावं. रचना आहे तिथंच राहते, वाजवणाऱ्यांची मात्र वयं होतात. कुणाचा गळा उतरतो, कुणी भांडून निघून जातं, कुणी परत येतं. पंचविशीत स्वतःच लिहून ठेवलेलं अवघड काम साठीच्या उंबरठ्यावर निभावायचं असतं. ते कसं निभावतात हे रेकॉर्डवर कळत नाही.

ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचंच उदाहरण धरून बोलतो, कारण या सगळ्या गोष्टी त्यांच्या बाबतीत घडल्या आहेत. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तीन विद्यार्थी एकत्र आले. गिटारवर जॉन पेट्रुची, बेसवर जॉन म्याँग, ड्रमवर माइक पोर्टनॉय. तेव्हा बँडचं नाव मॅजेस्टी होतं. त्या नावाचा दुसरा बँड निघाला म्हणून ते बदलावं लागलं, आणि पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका सिनेमागृहाचं नाव सुचवलं. १९९१ मध्ये कॅनडाचा गायक जेम्स लाब्री आला आणि १९९२ मध्ये ‘इमेजेस अँड वर्ड्स’ हा अल्बम. त्यातलं ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांचं गाणं गाजलं, एमटीव्हीवर मात्र कापून छोटं केलेलं. इतकं लांब गाणं असं गाजतं हे त्या काळात अजबच होतं, आजही आहे. पुढं १९९९ मध्ये जॉर्डन रुडेस कीबोर्डवर आला. पेट्रुची, म्याँग, पोर्टनॉय तिघंही १९६७ चे, लाब्री १९६३ चा, रुडेस १९५६ चा. इतिहास एवढा पुरे.

आता गळ्याकडे येतो, कारण कार्यक्रम सुटल्यावर बाहेर पडणारा प्रत्येक जण लाब्रीच्या आवाजाबद्दलच बोलत असतो. बोटं रियाजानं टिकतात. गळ्याचं तसं नाही. तरुणपणी लाब्री ज्या पट्टीत गायचा ती पट्टी विशीतल्या-तिशीतल्या गळ्यासाठीच होती. ‘लर्निंग टू लिव्ह’ या गाण्यात एक जागा इतकी वर जाते की बरोबर गुणगुणणारे श्रोते तिथं आपोआप गप्प होतात. त्यात १९९४ च्या डिसेंबरमध्ये क्यूबामध्ये त्याला अन्नातून विषबाधा झाली, आणि उलट्यांच्या जोरानं स्वरतंतूंना जबर इजा झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण दौरा ठरलेला. काही आठवड्यांत तो मंचावर उभा राहिला, आणि आवाज पूर्ववत व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली.

अशा वेळी बँडपुढं दोनतीन वाटा असतात. वरच्या जागा आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या आणि गायकानं ओठ हलवायचे, ही एक. त्या जागा श्रोत्यांकडे ढकलायच्या, माइक पुढं करून ‘गा’ म्हणायचं, ही दुसरी. आणि पट्टी खाली घ्यायची, ही तिसरी. ड्रीम थिएटर अनेक जुनी गाणी अर्धा-एक स्वर खाली वाजवतात. ऐकायला हे सोपं वाटतं, तसं ते नाही. कीबोर्डवर एक बटण दाबलं की भागतं, गिटारला मात्र तारा सैल कराव्या लागतात. सैल तार जास्त हेलकावते आणि बोटाखाली वेगळी लागते. म्हणून वेगळ्या पट्टीत लावलेली दुसरी गिटार तयार ठेवतात, आणि दोन गाण्यांच्या मधल्या अंधारात ती पेट्रुचीच्या गळ्यात येते. नीट कान दिलात तर रिफचा, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीचा, रंगही बदललेला जाणवेल. खाली उतरलेलं ‘मेट्रोपोलिस’ हे गाणं थोडं जड, थोडं काळोखं वाटतं.

रेकॉर्डशी ताडून पाहणाऱ्याला ही फसवणूक वाटते. मला उलट वाटतं. पट्टी खाली घेणारा गायक मान वर करून गातो. मूळ पट्टी न सोडणारा गायक पुढच्या अवघड जागेच्या भीतीनं आधीच्या चार ओळी चोरून गातो. खरी फसवणूक मुद्रित आवाजाची, आणि ती आजकाल इतकी सर्रास आहे की कुणी हूं की चूं करत नाही.

ड्रमरचा प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा आहे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये पोर्टनॉयनं बँड सोडला. हा संस्थापक. गाणी लिहिणारा, मंचावर काय वाजवायचं ते ठरवणारा. एखाद्या शहरात मागच्या खेपेला काय वाजवलं होतं याची नोंद ठेवून तिथं दुसरी यादी करणारा माणूस. सात ड्रमरांची परीक्षा घेऊन बँडनं माइक मँजिनीला निवडलं. तो बर्कलीत शिकवत होता, ती नोकरी सोडून आला. तेरा वर्षं त्यानं पोर्टनॉयची गाणी वाजवली आणि बँडबरोबर पाच नवे अल्बम केले. बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं ते २०२२ मध्ये, मँजिनी असताना. मग २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्टनॉय परतला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनहून चाळिसाव्या वर्षाचा दौरा सुरू झाला.

त्या दौऱ्याच्या यादीत मला सगळ्यात जास्त कुतूहल कोणत्या गाण्यांचं होतं सांगू? जुन्या गाण्यांचं नव्हेच. ‘बारस्टूल वॉरियर’ आणि ‘धिस इज द लाइफ’ यांचं. ही दोन्ही मँजिनीच्या काळातली. म्हणजे संस्थापकाला स्वतःच्याच बँडची गाणी दुसऱ्याच्या हातची म्हणून शिकावी लागली. मँजिनीचं वाजवणं गणितासारखं काटेकोर, हातपाय एकमेकांपासून पूर्ण सुटे. पोर्टनॉय वाजवतो तेव्हा ठोक्याला थोडा झोल असतो, मधूनच उभा राहतो, पेट्रुचीकडे बघून काठी रोखतो. गाणं तेच, पण त्याची चाल बदलते. आणखी एक फरक लोक विसरतात. पोर्टनॉय गातो, मँजिनी गात नसे. पोर्टनॉय परतल्यावर लाब्रीच्या मागं आणखी एका माणसाचा आवाज परत आला, आणि उतरत्या गळ्याला असा आधार फार मोलाचा असतो.

इथं क्लिकबद्दल बोलायला हवं. आजच्या मोठ्या बँडांत वादकांच्या कानात इयरफोन असतात आणि त्यात मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राची, टिकटिक चालू असते. तीच क्लिक. मागच्या पडद्यावरचं चलच्चित्र आणि दिवे त्याच टिकटिकीला बांधलेले. त्याचा फायदा आहेच. ड्रीम थिएटरच्या ‘डान्स ऑफ इटर्निटी’सारख्या सहा मिनिटांच्या तुकड्यात तालाचं माप शंभराहून जास्त वेळा बदलतं. पाचच्या मागून सात, सातच्या मागून सहा, सम कुठं ते शोधेपर्यंत ती निघून गेलेली. पेट्रुची आणि रुडेस एकच धावती ओळ दोन वाद्यांवर एकदम वाजवतात तेव्हा केसाइतकाही फरक ऐकू येतो. पण चित्रफितीला बांधलेलं गाणं श्वास घेत नाही. सोलो रंगला म्हणून चार आवर्तनं वाढवता येत नाहीत. म्हणून पडदा जिथं काळा होतो ते गाणं मी जास्त कान देऊन ऐकतो. तिथं वादक एकमेकांकडे बघू लागतात.

म्याँगला बघायला मात्र कोणतंही गाणं चालतं. हा माणूस बोलत नाही, हसत नाही, जागचा हलत नाही. सहा तारांच्या बेसवर उजव्या हाताची बोटं तेवढी चालतात. गर्दी पेट्रुचीच्या हाताकडे बघत असते तेव्हा पाच मिनिटं याच्याकडे बघा.

आता सभागृहाचं थोडं भौतिकशास्त्र. समजा ड्रमर मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो आहे, प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून. म्हणजे सेकंदाला १२ आघात, दोन आघातांत ८३ मिलिसेकंदांचं अंतर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही मंचापासून ३४ मीटरवर असाल तर आवाज तुमच्यापर्यंत यायला १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाय पडताना दिसतो त्या क्षणी कानावर येतो तो आधीचा आघात. मागं उभं राहून ड्रमरकडे एकटक बघितलं की गरगरल्यासारखं होतं ते यामुळं. त्यात सभागृहाचा घुमारा दोन सेकंदांचा असेल तर २४ आघातांची खिचडी होते. म्हणून ध्वनिसंयोजक बास ड्रममधला खालचा घुमता आवाज कापून वरची ‘टक्’ पुढं आणतो. रेकॉर्ड ऐकून आलेल्यांना ती टक् कोरडी वाटते, पण ती नसेल तर निव्वळ गडगडाट उरेल. संथ, मोकळी गाणी मोठ्या जागेत जास्त खुलतात ती याच कारणानं. ड्रीम थिएटरचं ‘ऑक्टाव्हेरियम’ हे गाणं चोवीस मिनिटांचं. सुरुवातीला कितीतरी वेळ ड्रम नाहीतच, रुडेस एकटाच लांब, घसरते सूर काढत असतो. सभागृहाचा जो घुमारा वेगवान गाण्यात वैरी ठरतो, तोच इथं कामाला येतो.

श्रोत्यांबद्दल एक गंमत सांगतो. कुठल्याही मेटल कार्यक्रमात लोक शब्द गातात. इथं लोक गिटारची सुरावट गातात, शब्दांपेक्षा मोठ्यानं. आणि हवेत ड्रम वाजवतात, प्रत्येक झांज नेमकी कुठं टांगली आहे ते ठाऊक असल्यासारखी. पण टाळ्या! सात मात्रांच्या रिफवर गर्दी चारच्या हिशेबानं टाळ्या धरते, पहिल्या आवर्तनात जमतं, दुसऱ्यात टाळी उलटी पडते, तिसऱ्यात सगळे एकमेकांकडे बघून थांबतात. मेशुगा या स्वीडिश बँडनं हा तिढा आतूनच सोडवला आहे. त्यांच्या गिटारी आणि बास ड्रम विचित्र मापांत फिरत असतात, पण वरच्या झांजेवर बहुतेक वेळा सरळ चारचा ठोका चालू असतो. गर्दीच्या माना त्या झांजेवर हलतात. १९८७ साली निघालेला हा बँड गेली कित्येक वर्षं हेच करत आला आहे आणि त्यांचा मंच बघताना दिवेसुद्धा एक वाद्य आहे असं वाटतं.

टूल या अमेरिकन बँडची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा गायक मेनार्ड मंचाच्या मागच्या भागात, अर्ध्या अंधारात उभा राहून गातो, आणि कार्यक्रमभर फोन काढायला मनाई असते, शेवटच्या गाण्याला काय ती सूट. हे नियम काहींना शिष्टपणाचे वाटतात. मला आवडतात. पुढच्या माणसाच्या हातातल्या चकाकत्या चौकटीतून अर्धा कार्यक्रम बघण्याची शिक्षा टळते.

जाणार असाल तर कुठं उभं राहायचं ते सांगतो. सगळ्यात पुढं नको. तिथं मंचावरच्या ड्रमचा थेट आवाज आणि बाजूच्या सबवूफरचा (खालच्या सुरांच्या स्पीकरचा) मारा लागतो, आणि गायक हरवतो, कारण मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांसाठी रोखलेले असतात. मधोमध ध्वनिसंयोजकाचं मेज असतं, त्याच्या जरा पुढची जागा धरा. तो माणूस जे ऐकून फेडर (आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) सरकवतो तेच तुम्हाला ऐकू येईल.

आणि कानात इयरप्लग घाला. स्पंजाचे स्वस्त प्लग वरचे सूर जास्त खातात, मग झांजा मुक्या होतात आणि लोक वैतागून ते काढून टाकतात. वादकांसाठी बनवलेले गाळणीचे प्लग मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखे कमी करतात. १०० डेसिबलच्या आवाजात उघड्या कानानं सुरक्षित राहण्याची मुदत अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशेबानं १५ मिनिटांची आहे. दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. ‘ऑक्टाव्हेरियम’ एकटंच चोवीस मिनिटांचं आहे. मंचावरच्या पाचही जणांच्या कानात काही ना काही असतंच, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.