चेकच्या शर्टातला शहा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'एका इंग्रजी शब्दाची कुळकथा'. शब्द मुद्दामच छापला नाही. 'चेक' असं छापलं असतं तर निम्म्या लोकांना वाटलं असतं, बँकेचा कुणी साहेब कर्ज समजावून द्यायला येतोय.

तर आधी बँकच. गेल्या पावसाळ्यात माझा एक चेक परत आला. खात्यात पैसे होते हो, हसू नका! कारण काय, तर सही जुळत नाही. बँकेचं नाव सांगत नाही, खातं अजून तिथेच आहे. गेलो. काउंटरवरच्या मुलाने संगणकावर माझी वीस वर्षांपूर्वीची सही दाखवली. आडनावाच्या शेवटी 'र', त्या 'र'खाली झोकदार रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं कशासाठी, देव जाणे. आता तो झोक ना सहीत राहिला, ना चालण्यात. म्हटलं, "अहो, मी स्वतः समोर उभा आहे." तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही जुळताय. सही जुळत नाहीये." मग कोऱ्या कागदावर सह्यांचा गृहपाठ. सातव्या सहीला शेरा मिळाला, "ही जरा जवळ आली." शाळेतही असंच व्हायचं. शेवटी तो कागद घेऊन उठला, "थांबा, साहेबांकडून चेक करून आणतो." पाठमोरा झाला तेव्हा त्याचा शर्ट दिसला. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा.

चेक्सचा शर्ट घातलेला माणूस माझा चेक चेक करायला चालला होता! बाकावर बसल्या बसल्या आजचं व्याख्यान सुचलं. तेवढा वेळ त्यांनी दिला, हे मान्य करायला हवं. (या शब्दाला आपण 'धनादेश' काढला. छान आहे, पण 'धनादेश बाउन्स झाला' म्हणताना जीभ मध्येच अडखळते.)

आता मुद्दा. हा चेक परका नाही. घरी बुद्धिबळ खेळताना काय म्हणता? राजाला शह! तो शह आणि हा चेक सख्खे भाऊ. एक इराणातून थेट आपल्याकडे आला, दुसरा युरोप फिरून, बूट घालून आला.

ही बघा चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' इंग्रजांचा 'चिट'सुद्धा या चिठ्ठीवरूनच बरं का, पण ते पुढच्या वेळी, बोलावलंत तर.

भराभर सांगतो. आपलं चतुरंग इराणात गेलं, अरबांनी त्याचं शतरंज केलं. फारसीत राजा म्हणजे शाह, म्हणून राजा अडचणीत आला की 'शाह!' अशी हाळी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'एशेक' झालं. त्याच्या अनेकवचनातून इंग्रजीत 'चेस' आला, एकवचनातून 'चेक'. शह बसला की बाकी बेत सोडून राजा सांभाळावा लागतो, म्हणून चेक म्हणजे रोखणं. थांबवून खात्री करायची, म्हणून तपासणं. चेकनाका घ्या, तिकीट चेकर घ्या, दोघंही आधी थांबवतात! पटावरच्या घरांवरून कापडाच्या चौकड्या.

आणि पैसा? बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या वसुलीचा हिशेब दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबलावर व्हायचा. वर रेघा आखलेलं काळं कापड, त्यावर सोंगट्या सरकवून बेरीज. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवलंय, की पटावर जसे दोन राजे लढतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ, म्हणजे जिल्ह्याची वसुली आणून देणारा राजाचा अधिकारी, लढतात. पटासारखं कापड, म्हणून ते खातं 'एक्सचेकर'. तिथला अर्थमंत्री आजही एक्सचेकरचाच चान्सलर. बँकेच्या चेकचं म्हणाल, तर अठराव्या शतकात 'चेक' म्हणजे आधी स्थळप्रत, खोटेपणाला शह देणारी. मग ते नाव खुद्द कागदालाच चिकटलं. स्पेलिंगमधला 'क्यू' एक्सचेकरच्या वळणाने आला. अमेरिकन लोकांनी तो घेतलाच नाही.

'मात'सुद्धा फारसीच, हतबल अशा अर्थाचा. शह-काटशहाचं राजकारण तर तुम्ही रोज पेपरात वाचता, ते सोडून देतो. उठतोच आहे, चहाचा वास इथवर आलाय. फक्त एक, झेक प्रजासत्ताकाचा याच्याशी काही संबंध नाही. दर वेळी कुणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.