कोयता गेल्यावर गाव राखणारी माणसं

(दृश्य : धारूर घाटातला रस्ता. ट्रकवर लादलेला संसार. कोपीचं (फडावरच्या झोपडीचं) सामान, भांड्यांची गोणी, कोंबड्यांचं खुराडं.)

दसरा उरकला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांचे फोन सुरू होतात. दिवाळीच्या आगंमागं ट्रक येतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, कुठल्याही फाट्यावर थांबा, टोळ्या निघालेल्या दिसतील. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, घरात ती खर्चूनही झालेली असते. ती फेडायची तर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडातून हलता येत नाही.

या माणसांवर पुष्कळ बोललं गेलंय, अजूनही बोलायला हवं. पण ट्रक घाट उतरून गेल्यावर मागं जे गाव उरतं, ते कोण चालवतं?

(दृश्य : गावातली गल्ली. दोन घरांना कुलूप. तिसऱ्या घराच्या ओट्यावर आज्जी शेंगा फोडतायत.)

गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि जनावरं. पाच-सहा महिने गावाचा कारभार यांच्याच हातात. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, त्यामुळं पुष्कळशी पोरं शाळेत टिकली, हे खरं. पण रात्री ताप भरला तर उशाला बसायला आज्जीच लागते.

या आज्जींना आम्ही रीतसर विचारलं, तरुण पिढीला काय सांगाल? कॅमेरा लावला की हा प्रश्न आपोआप तोंडात येतो. आज्जी हसल्या.

"सांगून कोण शहाणं झालंय बाबा? उद्या तांबडं फुटायच्या आत ये. शेण काढू लाग, मग बोलू."

(दृश्य : पहाट. गोठा. मग शेताकडं जाणारी पाऊलवाट.)

माघातली पहाट, ज्वारी काढायला आलेली. मालदांडी ज्वारीची पेरणी लेक आणि सून जायच्या आधी उरकून गेलेत. पावसाळा सरल्यावर काळ्या रानात जी ओल मुरलेली असते, तेवढ्यावर हे पीक येतं. वरून पाणी नाही मिळालं तरी दवावर तग धरतं. काढणीच्या वेळी मात्र घरात कर्ती माणसं नसतात. रोजगारी सांगावा तर मजुरी परवडत नाही, आणि सांगितला तरी मिळत नाही, कारण तेही फडातच गेलेत.

म्हणून पात धरतात आबा. वय सत्तरीच्या पुढं. शेजारच्या पातीला आठवीतला नातू.

नातवाचा जोर बघण्यासारखा असतो. एकेक ताट धरून हिसका मारायचा, की मुळासकट वर. पहिल्या तासात तो आबांच्या बराच पुढं जातो. आबा तीन-चार ताटं एका मुठीत धरतात, गुडघ्यात वाकतात आणि अंगाचा भार मागं टाकतात. दंडाला काम जवळजवळ नाहीच. उपटलेलं ताट पायावर एकदा आपटायचं, माती झडली की आडवं टाकायचं. हीच हालचाल, याच गतीनं, दिवस कासराभर वर येईपर्यंत. तोवर नातू बांधावर बसून तळहाताचे फोड बघत असतो.

आबा त्याला काही बोलत नाहीत. पाण्याचा तांब्या पुढं करतात, एवढंच.

पहाटेच का, याला कारण आहे. दवानं ताटं मऊ असतात, पेंढी बांधताना पाला झडत नाही. ऊन चढलं की तोच पाला कुरकुर मोडतो आणि रानात पडतो. पाला गेला की कडब्यात राहिलं काय, नुसत्या काड्या. जनावर तोंड लावत नाही, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. हे सगळं आबांनी सांगितलेलं नाही. अकरा वाजता नातू हौसेनं पेंढ्या बांधायला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली पेंढी घेऊन नुसती झटकली. पाला पायाशी पडला. पोरगं समजलं.

(दृश्य : लिंबाखाली आबा. डोक्याचं पटकं सोडून मांडीवर.)

अकराला आबा काम थांबवतात. रान अर्धं राहिलेलं असो, आभाळ भरून आलेलं असो. तीस वर्षं त्यांनी ऊस तोडला. आधी टायरगाडीवर, मग ट्रकच्या टोळीत. तिथं पैसा टनावर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं, तेही कित्येकदा रात्री, कारण गाडी कधी येईल ते आपल्या हातात नाही.

"तिथं अंग बघायला सवड नव्हती," आबा म्हणतात. "आता हे रान माझं हाय. हितं बी तसंच मरायचं व्हय?"

आम्ही गेलो होतो न थकणारी माणसं बघायला. भेटला तो कधी थांबायचं ते ठरवून ठेवलेला माणूस. किती ओझं उचलायचं, कुठल्या वेळी, आणि कुठल्या वेळी नाही, हा हिशोब त्यांच्या अंगात मुरलाय. नातवाला ते हाच हिशोब शिकवतायत.

आणि त्यांचा गौरव करताना जरा जपून बोललं पाहिजे. सत्तरीतला माणूस पहाटे रानात दिसला की आपण लगेच 'जुनी हाडं' म्हणून मोकळे होतो. जुनी हाडं दुखतात. पासष्टीच्या पुढच्या निराधारांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात; त्यात घर चालत नाही. बायकांचं तर म्हातारपण आधीच सुरू होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीमुळं खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून टाकलेल्या बाया आज गावोगाव आहेत. त्यांच्या कंबरेचं दुखणं कुठल्याही हंगामात थांबत नाही.

(दृश्य : घराच्या मागच्या खोलीतली कणगी. आज्जींचा हात आत.)

आज्जींचं राज्य घरात. लेक-सून परत येईपर्यंत किती ज्वारी लागेल, याचा अदमास त्यांनी ट्रक हलला त्याच दिवशी बांधलेला असतो. खाणारी तोंडं किती, येणारेजाणारे किती, अध्येमध्ये येणारी सणवारं कुठली. दळणाला धान्य काढताना त्या पायलीनं मोजतात, आणि मोजून झाल्यावर त्यातलीच एक मूठ बाजूच्या डब्यात टाकतात. रोज. नात सहावीत आहे, आता ती मूठ नातच टाकते. कशाला, ते तिला विचारलं तर म्हणते, "पावणा आला तर."

या मुठीमागं बहात्तरचा दुष्काळ आहे. आज्जी तेव्हा परकरात होत्या. पाऊस गेला तो गेलाच. पेवं रिकामी झाली होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा मारते. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस सोडायचा नाही.

"आमच्या बापानं दिवा सोडला तवा दिवा चांगला जळत व्हता," आज्जी सांगतात. "खाली दाणाच न्हवता."

मग आईबरोबर त्या दुष्काळी कामावर गेल्या. मोठी माणसं टिकावानं खणायची, बाया पाट्या वाहायच्या, पोरं मिळेल ते करायची. खायला सुकडी आणि परदेशातनं आलेली लाल मिलो ज्वारी. मिलोचं नाव निघालं की अजून त्यांचं तोंड वाकडं होतं. मागेल त्याला काम हा विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा विचार त्याच दुष्काळात राज्यभर कसाला लागला, १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली देशानं. गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे, त्याच्या भरावात आज्जींच्या आईनं वाहिलेली माती आहे. फेब्रुवारीपर्यंत गावातली शेरडं अजून तिथंच पाणी पितात.

(दृश्य : रात्र. चुलीपुढं नात. मोबाइलवर व्हिडिओ कॉल. पलीकडं कोपी, अंधार, सूनबाईंचा चेहरा.)

फोनवर आज्जी एकच बोलतात : सगळं बरं हाय. मागच्या आठवड्यात नातीला ताप होता, तो उतरल्यावर सांगितला. शेळी मेली, ते अजून सांगितलेलं नाही. "तिथनं ती काय करणार? नुसती रडंल, आन् सकाळी कोयता पायावर मारून घील." नात शेजारी बसून हे ऐकते आणि तीही आईला काही सांगत नाही. सहावीतल्या पोरीनं हे इतक्या लवकर शिकावं का, असं आम्हाला तिथं बसल्या बसल्या वाटत राहिलं.

एक गोष्ट मात्र या घरात कुणालाच शिकवायची नाही. भिंतीला आबांचा जुना कोयता खोचलेला आहे. नातवानं तो काढून कडब्यावर चालवून बघितला, तर आज्जी चुलीपासनं उठून आल्या. पेंढी बांधायला शीक, धार काढायला शीक, बैल जुंपायला शीक. ह्याला हात लावू नको.

(दृश्य : पाडव्याच्या आधीचे दिवस. फाट्यावर ट्रक. उतरणारी माणसं.)

पट्टा पडला. लेक आणि सून परत आली. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर घरात हिशोब बसला. आधी आज्जींचा. ज्वारी किती झाली, किती ठेवली, किती विकली. कडबा कुणाला दिला, त्याचे किती आले, किती यायचेत. दुकानाची उधारी. मेलेली शेळी. मुठीचा डबा आज्जींनी नातीला आणायला लावला. तो पाहुण्यांना पुरून उरला होता.

मग लेकाचा हिशोब. उचल पुरती फिटलेली नाही, थोडी अंगावर राहिली. मुकादमानं पुढच्या हंगामाचं आत्ताच विचारलंय.

"सून यंदा न्हाई जायाची," आज्जी म्हणाल्या. "पोरगं नववीत जातंय. पुढं धाव्वी हाय. माझ्यानं आता दोघांचं उरकत न्हाई."

"आगं, मग मी एकटा गेलो तर अर्धा कोयता धरतेत. उचल बी अर्धी. मागलं कशातनं फेडू?"

"ते तू आन् मुकादम बघा."

सूनबाई भांडी घासत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "मला कुणी इचारलंय का?"

आबांनी पटकं झटकलं आणि लेकाला म्हणाले, "मुकादमाला म्हनावं, दोन दिस थांब. सांगतो."