काखेत पट्टा, गावाला वळसा

(पुण्यात मांजर पाळणाऱ्यांच्या एका छोट्या मेळाव्यात एका पशुवैद्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मघाशी ओळख करून देताना मला 'मांजरांचे डॉक्टर' म्हटलं गेलं. तसं काही नाही. कुत्री, मांजरं, एखादा पोपट, आणि गावाकडे होतो तेव्हा म्हशी, असा माझा सगळा संसार. पण आज बोलणार आहे ते मांजराबद्दलच, आणि त्यातही त्याच्या अंगावरच्या दोन बोटांच्या जागेबद्दल. काखेबद्दल.

बऱ्याच वर्षांपूर्वी, भर श्रावणात एक काकू दवाखान्यात आल्या. भाजीच्या टोपलीत तांबडा बोका, वर झाकायला टॉवेल. म्हणाल्या, "डॉक्टर, तेवीस दिवसांनी घरी आलाय. नुसती हाडं राहिलीत. घाण वास येतोय. आणि गळ्यातला पट्टा कुठंतरी पाडून आलाय." मी गळा चाचपला, काही नाही. वास येतोय म्हणून तोंड उघडलं, दात बघितले, ठीक होते. शेपटीखाली बघितलं. मग त्याला उचलायला गेलो तर त्याने माझ्या हातावर नखं ओढली, आणि त्या झटापटीत मला उजव्या खांद्यावर केसांत दबलेली निळी नायलॉनची पट्टी दिसली. पट्टा पडला नव्हताच. मानेच्या उजव्या बाजूने येऊन तो डाव्या काखेत गेला होता, जानव्यासारखा तिरपा. काखेत तो दिसतच नव्हता, कारण कातडी कापून आत रुतला होता. घुंगरूही होतं, पण त्यात चिखल आणि पू वाळून बसल्याने ते वाजत नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी स्वतः घातला. म्हणून पहिली गोष्ट ही, की पट्ट्याची जखम म्हटलं की आपण मान बघतो. मानेवरही होते, त्यावर नंतर येतो. पण मोठ्या, बाहेर फिरणाऱ्या मांजरात ती बहुतेक वेळा काखेत असते.

हे होतं कसं? पट्टा सैल असतो. मांजर मान खाजवतं, पुढच्या पंजाने पट्टा ढकलतं, किंवा कुंपणातून जाताना तो कुठेतरी अडकतो. सुटायच्या धडपडीत पुढचा पाय पट्ट्याच्या आत जातो. आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड, कारण कोपर आड येतं. इलॅस्टिकचे पट्टे 'सेफ्टी' म्हणून विकतात. माझा त्यांच्यावर राग आहे. इलॅस्टिक पाय आत जाण्यापुरतं ताणतं आणि मग आयुष्यभर आवळत राहतं. त्यानंतर मांजर जितकी पावलं टाकेल तितक्या वेळा पट्टा काखेत करवतीसारखा पुढेमागे होतो. मांजराच्या काखेतली कातडी पातळ असते. काही दिवसांत ती फाटते, मग खालची चरबी, मग स्नायू. वरून केस असल्यामुळे दिसत काहीच नाही. मांजर थोडं लंगडतं, चाटत बसतं, पलंगाखाली जातं. दुखतंय हे सांगणं मांजराच्या स्वभावात नाही.

त्या बोक्याला भूल दिली, पट्टा कापून काढला, जखम धुतली, कडा स्वच्छ केल्या आणि छान टाके घातले. खरंच छान घातले होते. दहाव्या दिवशी उसवले. पुन्हा घातले, जरा जाड दोऱ्याने. पुन्हा उसवले. तिसऱ्या वेळी अँटिबायोटिक बदललं, महिनाभर दिलं. वरून जखम भरली, काकूंनी पेढे आणले, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी वाटाण्याएवढं भोक पडून पाणी यायला लागलं. काकू काही बोलल्या नाहीत. नुसता टॉवेल बाजूला करून दाखवला. ते जास्त लागलं.

चूक टाक्यात नव्हती, माझ्या समजुतीत होती. मी ती जखम कुत्र्याची असल्यासारखी हाताळत होतो. मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे, हे कॉलेजात पहिल्या वर्षी ऐकतो आणि पहिल्या चुकीनंतर शिकतो. कुत्र्याच्या उघड्या जखमेत चार-पाच दिवसांत लाल, दाणेदार, कोवळं मांस तळातून वर यायला लागतं. मांजरात ते उशिरा येतं, कमी येतं, आणि कडेकडून आत सरकतं. टाके घातलेली साधी जखमसुद्धा आठवड्यानंतर मोजली तर मांजराची कातडी कुत्र्याच्या साधारण निम्म्याच ताकदीने जुळलेली असते. हे अमेरिकेतल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही प्राण्यांवर मोजून दाखवलं. त्यांनीच हेही दाखवलं, की कातडीखालचा चरबीचा थर काढून टाकला तर मांजराची जखम फारच रेंगाळते. पट्टा नेमकं तेच करतो. तो थर घासून नाहीसा करतो.

शिवाय काख ही जागाच वाईट. पाय पुढे टाकला की तिथली कातडी ताणते, मागे घेतला की चुरगळते. खाली पोकळी राहते, पोकळीत पाणी साठतं. वरून कितीही घट्ट शिवा, खाली काही चिकटलेलंच नसतं. गादीची खोळ शिवली आणि आत कापूस नाही, असा प्रकार.

मग कापूस कुठून आणायचा? पोटातून. मटणाच्या दुकानात तुम्ही आतड्यांवरची चरबीची पांढरी जाळी पाहिली असेल. शास्त्रात तिला वपा म्हणतात. ही जाळी म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेलं फडकं. पोटात कुठे सूज आली, भोक पडलं, की ती तिथे जाऊन चिकटते, रक्त पुरवते, साठलेलं पाणी शोषते. १९९०च्या दशकात ब्रिटनमधल्या सर्जननी मांजरांच्या या चिवट जखमांसाठी ती वापरली. पोट उघडायचं, जाळीचं एक टोक मोकळं करायचं, कातडीखाली बोगदा करून ते काखेपर्यंत आणायचं आणि पोकळीत पसरून बसवायचं. दुसरं टोक पोटातच राहतं, म्हणजे रक्तपुरवठा चालू. वर झाकायला खांद्यामागची कातडी तिच्या स्वतःच्या धमनीसकट उचलून काखेत वळवायची. ताण नाही, पोकळी नाही.

मी हे एकट्याने केलं नाही. माझ्या एका वरिष्ठांना विनंती केली, त्यांनी ऑपरेशन केलं, मी हाताखाली उभा राहिलो. त्यानंतर बोका तीन आठवडे पिंजऱ्यात होता. टाके काढले तेव्हा काखेत तळव्याएवढा लांब केसांचा भलताच चट्टा होता, कारण पाठीवरचे केस आता काखेत उगवत होते. जखम पुन्हा उघडली नाही.

प्रत्येक काखेच्या जखमेला एवढं लागतं का? नाही. पट्टा दोन-तीन दिवसांत सापडला, कातडी नुसती सोलवटलेली असली, तर स्वच्छता, आराम आणि गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं, एवढ्यावर भागतं. (पट्ट्याच्या जखमेवर उपाय म्हणून पुन्हा गळ्यातच काहीतरी बांधायचं, हा विनोद माझ्या लक्षात आलेला आहे.) जुनी, पू असलेली जखम मी आता लगेच शिवत नाही. आधी जखमेत पाण्याने धुऊन निघणारी औषधी जेली भरायची, मग भोवतालचे केस काढायचे, म्हणजे केस आत चिकटत नाहीत. मोठ्या सिरिंजने भरपूर सलाइनची धार मारायची. मेलेलं मांस काढायचं. मग काही दिवस ओलं ड्रेसिंग, कधी औषधी मध. तळ लाल झाला की बंद करण्याचा विचार. पट्टी काखेत टिकत नाही, म्हणून मी लोकांना तान्ह्या बाळाचं झबलं आणायला सांगतो. पुढचे पाय बाह्यांत घातले की ड्रेसिंग जागेवर राहतं, आणि मांजर अपमानित दिसतं, पण चालतं.

दोनदा बंद करूनही उघडणारी जखम असेल तर रक्ताच्या थेंबावर मांजरातल्या एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) आणि ल्युकेमियाच्या विषाणूंची चाचणी करून घ्या, आणि जखमेचा तुकडा तपासायला पाठवा. मी हे त्या बोक्याच्या वेळी तिसऱ्या वेळच्या टाक्यांनंतर केलं. दुसऱ्या वेळेनंतरच करायला हवं होतं.

आता घरी काय करायचं. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, बाळाला दुपट्यात बांधतात तसं, फक्त डोकं बाहेर. पट्टा दिसत असेल तर जखमेच्या विरुद्ध बाजूला, खांद्यावर, बोथट टोकाच्या कात्रीने कापा आणि तसाच राहू द्या. रुतलेला भाग ओढू नका. तो मांसात गुरफटलेला असतो, ओढलात तर रक्त थांबवायला मी तिथे नसतो. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्याने वरवर धुवा आणि दवाखान्यात या. चावलं, तर स्वतःचा हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. रेबीजचा प्रश्न मांजराच्या चाव्यालाही आहे.

काय लावायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. घरातल्या फरशीचं फिनेल किंवा बाटलीतलं ते पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं जंतुनाशक नको. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा लुळी आहे, आणि जे लावाल ते मांजर चाटणार. फेस येणारं पेरॉक्साइड नको, ते नव्या पेशीही मारतं. हळद विष नाही, पण तेलात कालवून भरलीत तर मला ती खरवडून काढावी लागते. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. पाचशेची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं, रक्त प्राणवायू वाहीनासं होतं.

पावसाळ्यात अळ्या पडतात. माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या. गावाकडे जनावरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात, डांबर गोळी कुटून भरतात. मीही म्हशींसाठी टर्पेंटाइन वापरलंय. मांजराला ते दोन्ही नको. अळ्या चिमट्याने एकेक काढायच्या. वेळखाऊ आहे, किळसवाणं आहे, दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण नको.

मानेच्या जखमेचं थोडक्यात. ती पिल्लांना होते. दोन महिन्यांच्या पिल्लाला हौसेने पट्टा बांधतात, पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. त्याहून वाईट म्हणजे रबरबँड. मुलं खेळताना घालतात, विसरतात, केसांखाली दिसत नाही. मानेभोवती गोल, सरळ रेषेत केस गेलेले दिसले आणि ओलावा असेल, तर केस बाजूला सारून बघा.

मग पट्टा बांधायचा की नाही? फ्लॅटमधल्या मांजराला गरज नाही, माझं मत. बांधायचाच तर झटका बसला की आपोआप सुटणाऱ्या बकलचा. विकत घेताना दुकानातच दोन्ही हातांनी ओढून बघा, तुमच्याकडून सुटत नसेल तर चार किलोच्या मांजराकडून काय सुटणार? पट्टा आणि मानेमध्ये दोन बोटं जावीत, चार नाहीत. लोक मायेने सैल बांधतात, आणि पाय नेमका सैल पट्ट्यातूनच जातो. ओळखीसाठी मायक्रोचिप आहे, तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात, पंधरा आकडी क्रमांक असतो. आणि रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, 'हिला कोणीतरी आहे' हे लोकांना कळावं म्हणून पट्टे बांधू नका. ज्या मांजराला तुम्ही हात लावून रोज तपासू शकत नाही, त्याच्या गळ्यात काही नको.

प्रश्न घेऊ. हं, मागच्या रांगेतल्या आजी.

(श्रोत्यांतून: "आमच्या मनीला पट्टा नाही, पण नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधलाय. तो चालेल ना?")

कधी बांधलाय आजी? दिवाळीपासून? दोरा नायलॉनचा की सुती? ... नायलॉनचा. म्हणजे तुटणार नाही. आजी, बाहेर फिरते ना ती? मग भाषण राहू द्या, घरी गेल्यावर पहिल्यांदा कात्री घ्या. आधी काखा बघा, दोन्ही. नजरेचं म्हणाल तर दोरा तिच्या दुधाच्या वाटीला बांधा. ती रोज तिथेच येते.