फुगा, बटा आणि जवसाचं पाणी

(लातूरमध्ये एका वाचनालयाच्या महिला विभागात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. फलकावर ‘जुन्या केशरचना घरच्या घरी’ असं लिहिलंय आणि पुढच्या रांगेतल्या ताया वह्या उघडून बसल्यात. कृती सांगणार आहे, काळजी करू नका. पण त्याआधी माझ्या मनात घर करून बसलेली एक गोष्ट सांगते, कारण ती पटली नाही तर कृती लिहून घेऊन काही हाती लागायचं नाही. जुन्या केशरचनेतलं बारा आणे काम केस वाळताना होतं. विंचरणं, पिना, आकडे, गजरा हे सगळं मिळून उरलेले चार आणे. आज आपण या चार आण्यांवर सगळा वेळ घालवतो आणि बारा आणे सोडून देतो.

असं का, ते आधी बघू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आतल्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हेने धरून असतात. एक बंध पक्के असतात, गंधकाचे. ते तोडायला रसायन लागतं. 1938 साली अमेरिकेत उष्णतेशिवायचं, ज्याला कोल्ड वेव्ह म्हणतात ते पर्मिंग, म्हणजे केसांना टिकाऊ कुरळेपणा देणं, आलं, त्यात हेच पक्के बंध मोडून नव्यानं जोडतात. दुसरे हायड्रोजनचे बंध. ते नाजूक असतात, नुसत्या पाण्यानं सुटतात आणि पाणी उडालं की पुन्हा जुळतात. आता लक्ष द्या. पुन्हा जुळताना केस ज्या आकारात असेल, तोच आकार तो धरून ठेवतो. ओला केस बोटाभोवती गुंडाळला, तसाच पुरता वाळू दिला, की तो वळण घेऊन बाहेर येतो. केसांच्या इस्त्रीचंही तसंच. गरम असताना केस मऊ असतो, आकार पक्का होतो तो गार होताना. म्हणून गरम बट हातात धरून लगेच विंचरणं म्हणजे केलेलं काम आपल्या हातानं मोडणं.

आणि हे बंध पाण्यानं सुटत असतील, तर हवेतली वाफही त्यांना सोडवणार. मुंबईत, कोकणात बसवलेले केस संध्याकाळी पडतात ते यामुळे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा कशी असते, मी सांगायला नको. ओठ फुटतात, टाचा फुटतात, पण केस बसवायला इतकी चांगली हवा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. या बाबतीत मराठवाड्याचं नशीब उघडं आहे आणि ते कुणी वापरत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध? इथून तेर काही लांब नाही. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. पुढच्या वेळी तिथलं लामतुरे संग्रहालयही बघून या. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या स्त्रीमूर्ती आहेत, आणि चेहऱ्याइतकीच मेहनत कुंभारानं डोक्यावर घेतलीये. तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला ज्या घडणीच्या हस्तिदंती बाहुल्या सापडल्या, तशीच एक 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. तिला मागून बघा, पाठीवर सोडलेली दागिन्यांनी मढवलेली वेणी दिसेल. पॉम्पेई गाडली गेली इसवी सन 79 मध्ये. त्याआधी या घडणीची बाई समुद्रापार पोहोचली होती! अजिंठ्याला 17 क्रमांकाच्या लेण्यात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे. तिथे गेलात की गाईड कथा सांगत असतो, तेव्हा तुम्ही भोवतालच्या बायकांच्या कपाळावरच्या, मानेवरच्या बटा बघा. सुट्या दिसणाऱ्या त्या बटा मला तरी आपसूक पडलेल्या वाटत नाहीत. कुणीतरी त्या वळवल्या असणार, असं मी केसांत हात घालणारी बाई म्हणून सांगते.

(मागून कुणीतरी विचारलं, गंगावन चालेल का? चालेल की. गंगावन, म्हणजे वरून जोडायचे केस, ते तर आपलंच. त्यावर शेवटी बोलते.)

आता माझी तक्रार ऐका. माझ्या भाचीचं लग्न मे महिन्यात होतं. तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, एक फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे. अध्यापिका विद्यालयात असताना स्टुडिओत काढलेला. कपाळावर उंच फुगा, मागे गोल अंबाडा, कानाशी एक वळवलेली बट. भाचीनं हट्ट धरला, मला आजीसारखंच करायचं. मी म्हटलं, रात्री माझ्याकडे ये, चिंध्या बांधून देते. पण मुलाकडच्यांनी ब्यूटी पार्लर आधीच ठरवलेलं. मोठ्या शहरातलं, नाव घेत नाही. मी नुसतं शेजारी बसून बघायचं ठरवलं.

त्या मुलीचा हात चांगला होता, हे आधी सांगते. वेगही होता. पण काय केलं? केस इस्त्रीनं गरम केले आणि गरम असतानाच वर उचलले. गार व्हायला एक मिनिट दिलं नाही. मग मुळापासून टोकापर्यंत सगळा केस उलटं, म्हणजे कंगवा मुळाकडे ढकलत, विंचरला, वर स्प्रे, पुन्हा उलटं, पुन्हा स्प्रे. मी म्हटलं, “बाई, टोकापर्यंत कशाला? मुळाशीच पुरतं.” ती म्हणाली, “काकू, एवढ्यानं फुगा राहत नाही.” राहत नाही हे खरंच होतं, कारण आतल्या केसाला वळणच नव्हतं. सगळा भार स्प्रेवर आणि पिनांवर.

एसीच्या खोलीत देखणं दिसलं. मंडपात आलो. बाहेर ऊन असं, की मुंडावळ्यांची फुलं मान टाकत होती. डोक्यावर पदर, वर फुलांचा गजरा, भोवती माणसं. टाळूला घाम आला. आणि घाम म्हणजे पाणीच ना? दुसरी मंगलाष्टक संपेतो फुगा डावीकडे कलला, सप्तपदीला बसली तेव्हा मागचा अंबाडा मानेवर आला. आई पुढच्या खुर्चीत होती. ती मला म्हणाली, “काय करायलेत गं हे पोरीच्या डोक्याचं? माझा फुगा एस्टीत उभं राहून औरंगाबादला गेला, तरी हलला नव्हता.”

खरं दुःख रात्री झालं. सगळे जेवून निजले आणि आम्ही दोघी-तिघी तिच्या केसांतल्या गाठी सोडवत बसलो. टोकापर्यंत उलटे विंचरलेले केस स्प्रेनं चिकटलेले. तेल लावून बघितलं, मग धुवून भरपूर कंडिशनर लावला, टोकाकडून बोटभर बोटभर सोडवत वर गेलो. तरी मूठभर केस तुटून हातात आले. लग्नाच्या रात्री मुलगी रडत होती, का तर विंचरताना दुखतंय म्हणून. लांब, जाड, आजीवर गेलेले केस होते तिचे. मला अजून राग येतो. पैसा गेला त्याचा राग नाही. ज्या कामाला नुसता धीर लागतो, तिथे तो द्यायला कुणी तयार नव्हतं, याचा आहे.

आईनं त्या फोटोसाठी काय केलं होतं? आदल्या रात्री केस ओले करून जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांवर गुंडाळले आणि वर फडकं बांधून झोपली. वसतिगृहातल्या सगळ्या मुली असंच करायच्या म्हणे. सकाळी सोडलं, विंचरलं, चार आकडे लावले. संपलं.

...हो, चिठ्ठी मिळाली. दहाच मिनिटं आहेत म्हणतात, पुढे हळदीकुंकू आहे. मग आता भराभर सांगते, वह्या काढा.

आधी जवसाचं पाणी. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की उतरवा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झालं की ते फडक्यातून उतरत नाही, हे विसरू नका. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. वास आला की टाकून द्या. साधारण 1920 ते 1940 च्या काळात परदेशात बोटांनी लाटा पाडायच्या लोशनमध्ये कराया डिंक घालायचे, तो आपल्या कांडोळाच्या झाडाचा. म्हणजे झाडापासून मिळणारा चिकटा वापरणं हे त्या काळाला धरूनच आहे.

केस आदल्या दिवशी धुतलेले हवेत, तेल नको. बोअरचं पाणी जड असेल तर केस राठ होतात, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्या. इथे पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण तांब्या तांब्या मोजलाय. नीट बसवलेले केस तीन-चार दिवस पुन्हा धुवावे लागत नाहीत. जुन्या काळच्या बायका आठवड्यातून एकदाच केस धुऊन बसवायच्या, तेही यासाठीच.

केस ओलसर करा, गळते नकोत. जवसाचं पाणी लावा. बोटाएवढी रुंद बट घ्या, टोकापासून गुंडाळत टाळूपर्यंत न्या. टोक आतच राहिलं पाहिजे, बाहेर राहिलं तर सकाळी तिथे हूक होतो. दोन पिना एकमेकींवरून घाला. लाटा हव्यात तर एक ओळ उजवीकडे गुंडाळा, खालची डावीकडे, पुन्हा उजवीकडे. नुसता फुगा हवा असेल तर टाळूवरच्या बटा उभ्या ठेवा, आडव्या चेपू नका. पिना नसतील तर चिंध्या चालतात, लांब केसांना तर चिंध्याच बऱ्या. वर सुती फडकं, आणि झोपा. सकाळी हात लावून बघा. आत जराही ओल वाटली तर सोडू नका, पंख्याखाली बसा.

सोडल्यावर मेंढरासारखं दिसेल, घाबरून कंगवा टाकून पळू नका! ब्रशनं भरपूर विंचरा, लाटा आपोआप एकत्र येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ते व्हिक्टरी रोल्स हवेत तर बाजूचा भांग पाडा, मुळाशी दोन बोटं हलकंसं उलटं विंचरा, टोकापासून आतल्या बाजूला पोकळ गुंडाळत वर न्या, पिना आतून लावा. 1960 साली शिकागोच्या मार्गारेट विन्सी हेल्ट यांनी केलेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंच फुगा हवा तर टाळूवर मोठे रोलर, मुळाशी उलटं विंचरणं, आणि वरची एक पातळ बट गुळगुळीत करून झाकायची. साधना कट हवा असेल तर कात्री न लावताही जमतं, पुढच्या थोड्या केसांची घडी कपाळावर आणून टोक आत पिनेनं दाबायचं. गंगावन लावायचं असेल तर ते आपले केस बसवून झाल्यावर, अंबाड्याच्या आत, फुग्यात नाही.

रात्री सोडताना आधी सगळ्या पिना मोजून काढा. उलटं विंचरलेलं टोकाकडून सोडवत वर जायचं, रुंद दातांच्या कंगव्यानं. मुळापासून खाली ओढलंत की तुटलेच.

रंगवलेल्या केसांचं विचारलंय. चालतं, फक्त ते लवकर ओले होतात, म्हणून जवसाचं पाणी थोडं दाट घ्या. मागच्या टेबलावर बाटल्या भरून आणल्यात, एकेक घेऊन जा. घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये ठेवा.