फांदी उचलता आली पाहिजे

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे ते एडिटरबद्दल, म्हणजे फाइलीतला मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामबद्दल; आणि तेही झाडासारखी, एकाच्या पोटात दुसरी अशी माहिती असेल तेव्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आपल्या नागपूर विभागाची सगळी माहिती एका फाइलीत आहे असं धरून चला. विभागाच्या पोटात जिल्हे, जिल्ह्यांत तालुके, तालुक्यांत गावं. आता तिरोडा, आमगाव, देवरी असे आठ तालुके भंडाऱ्याखालून काढून गोंदियाखाली न्यायचे. काम म्हणाल तर आठ फांद्या उचलून ठेवण्याचं. साध्या एडिटरमध्ये मात्र शेकडो ओळी कापायच्या आणि दुसरीकडे चिकटवायच्या.

तिथेच घात होतो. जेसन या माहिती लिहून ठेवण्याच्या पद्धतीत दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम लागतो, शेवटच्या नोंदीनंतर चालत नाही. यादीतला शेवटचा तालुका उचलला की आधीच्या तालुक्यामागचा स्वल्पविराम तसाच राहतो, आणि काटेकोर पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिची रचना लावणारा प्रोग्राम, त्या एका चिन्हापायी अख्खी फाइल नाकारतो. हे एक वेळ परवडलं, चूक लगेच कळते तरी. यामल या तशाच दुसऱ्या पद्धतीत पातळी ठरते ती ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून. तिथे दोन स्पेस कमी पडल्या तर पुष्कळदा फाइल बिनतक्रार उघडते, फक्त गावं भलत्याच्याच पोटात गेलेली असतात. मला ही चूक जास्त भयंकर वाटते.

म्हणून माझा आग्रह आहे की अशा माहितीसाठी एडिटर निवडताना तो फांदी कशी हलवतो, हे आधी बघा. कल्पना काही नवी नाही. संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत खरेदीची यादी पडद्यावर गटवार लावून, हवी तेवढीच पातळी उघडून दाखवली होती. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ईमॅक्स या एडिटरसाठी ऑर्ग-मोड लिहिलं, शीर्षकांच्या पातळ्या लावून मजकूर सांभाळणारी जोड. त्यात ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की फक्त ते शीर्षक एक पातळी आत जातं; सोबत शिफ्ट दाबलं की पोटातल्या सगळ्यासकट जातं. एकट्याला हलवायचं की कुटुंबासकट, हे साधन तुम्हाला स्पष्ट सांगायला लावतं. त्याचं मला फार मोल वाटतं.

आता अवघड भाग. आमगाव गोंदिया जिल्ह्यात आहे, पण आमगाव विधानसभा मतदारसंघ लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये येतो. म्हणजे तेच गाव महसुलाच्या झाडात एका जागी, निवडणुकीच्या झाडात दुसऱ्या. सर्रास काय करतात, तर नोंदीची नक्कल काढतात. पुढे एकीकडे नाव सुधारलं जातं, दुसरीकडे जुनंच राहतं. एडवर्ड रीम यांच्या लिओ एडिटरमध्ये यावर ‘क्लोन’ आहे. नोंद एकच, ती अनेक फांद्यांवर दिसते, आणि कुठेही बदलली तरी सगळीकडे बदलते. सरकारी माहिती सांभाळणाऱ्यांनी ही सोय मागून घेतलीच पाहिजे.

शेवटचा मुद्दा, दोघं एकाच वेळी काम करतात तेव्हाचा. एकाने ‘अ’ फोल्डर ‘ब’मध्ये टाकलं, त्याच क्षणी दुसऱ्याने ‘ब’ हे ‘अ’मध्ये. दोघांचं म्हणणं जसंच्या तसं मानलं तर दोन्ही फोल्डर एकमेकांच्या पोटात जातात आणि मुळापासून तुटतात. संगणकशास्त्रज्ञ मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी यावर पद्धत मांडली आहे: सगळ्या हालचाली वेळेच्या एकाच क्रमाने लावायच्या आणि जिच्यामुळे असं चक्र तयार होईल ती सोडून द्यायची. सामायिक एडिटर विकत घेण्याआधी दोन लॅपटॉप शेजारी ठेवा, दोन्हींचं नेट बंद करून हाच प्रयोग करा, मग नेट जोडा आणि विक्रेत्यालाच विचारा की ‘अ’ कुठे आहे.